ठकूबाईच्या वाटचा चहा

पोलादपूर सोडून महाबळेश्वरच्या घाटाला लागलं की पहिल्या मोठ्या वळणाच्या अलीकडे काशीरामची टपरी लागते. टपरीच्या समोरून, रस्त्याच्या पलीकडच्या अंगानं पायवाट चढते आणि तासाभरानं हेदवाडीला टेकते. या वाडीतल्या रामाचं आडनाव पोस्टमनखेरीज कुणाला ठाऊक असेल असं वाटत नाही. पण ‘किटली’ कुठं राहतो म्हणून विचारलं असतं, तर शेंबड्या पोरानंही बोट धरून घराशी आणून सोडलं असतं.

हे नाव कसं पडलं ते भिकू शेजाऱ्याच्या तोंडून ऐकावं. तो म्हणायचा, रामाच्या लग्नात अंतरपाट धरला, अक्षता वाटून झाल्या, आणि नवरदेव पाटावरून उठून मांडवामागं गेला. का, तर आचाऱ्यानं आधण ठेवल्याचा वास आला. मुहूर्त टळायची वेळ आली तेव्हा मामानं त्याला कपासकट उचलून आणला. रामा हे कबूल करायचा नाही. “मुहूर्त टळला नव्हता,” एवढंच म्हणायचा. “भटजींनी पन घेतला व्हता.”

गुरं सोडायच्या आधी एक, सोडल्यावर एक. लावणीला गेला तर बांधावर किटली. दुपारी डुलकी काढून उठल्यावर एक, आणि दिवस मावळायच्या आत ‘मीठ आनतो’ म्हणून तासभर उतरून काशीरामच्या टपरीवर एक. मीठ आठ-आठ दिवस विसरायचा. कपाचा रंग लांबून बघून हा माणूस सांगायचा, की पूड दुसऱ्यांदा उकळलीय. काशीराम त्याला घाबरून असायचा.

घरचा चहा मात्र ठकूबाईच्या हातचा. कोरा, गुळाचा, परसातल्या पातीचहाची दोन पानं चुरगाळून टाकलेला. वाडीत त्याला तोड नव्हती, आणि हे वाडीतल्या बायकाही मान्य करत, म्हणजे बघा. ठकूबाई पहिला कप नवऱ्याला द्यायची, मग मुलाला, अनिलला, मग ओटीवर जो कुणी टेकला असेल त्याला. आपल्यासाठी टोपात तळाचं काय उरेल ते. पण उरणार कसं? तोवर रामाचा कप दुसऱ्यांदा आत आलेला असायचा. मग आतून हाक यायची,

“अवो, मला ठेवलाव का घोटभर?”

“ठेवलाय की,” रामा बाहेरून म्हणायचा. टोप तेव्हा मोरीत पालथा पडलेला असायचा.

छत्तीस वर्षं हा सवाल-जबाब चालला. ओटीवरची माणसं हसायची. पुढंपुढं तर वाटेनं जाणारेही विचारू लागले, “काय किटली, ठेवलास का घोटभर?” ठकूबाईही हसायची. त्यामुळे ती मागायची ते खरोखरच मागायची, हे रामाच्या ध्यानात कधी आलं नाही. इतकी वर्षं जी गोष्ट हसून झाली, तिच्यात कुणाला तहान दिसणार?

या ठकूबाईला एकाच गोष्टीचा धसका होता, फोटोचा. फोटो काढला की माणसाचं काहीतरी कमी होतं, असं तिच्या माहेरी म्हणत. काय कमी होतं ते माहेरच्यांनाही माहीत नव्हतं. अनिलच्या लग्नाच्या अल्बमात ती चार ठिकाणी आहे. एकात पाठ, एकात कोपर, एकात तोंडावर ओढलेला पदर आणि चौथ्यात विहीणबाईंच्या मागं. विहीणबाईंच्या मागं बैलगाडी उभी केली असती तरी दिसली नसती.

मतदानाच्या कार्डासाठी मात्र सगळ्या वाडीला खाली शाळेत बसवून फोटो काढले, तेव्हा तिचा इलाज चालला नाही. घाबरून डोळे गच्च मिटून बसली. सहा महिन्यांनी कार्ड आलं. नाव ठकूबाई, वय बरोबर, नवऱ्याचं नाव बरोबर, आणि फोटो एका मिशाळ इसमाचा, डोक्याला टोपी. हा इसम नातेगावचा असावा असा भिकूचा तर्क होता, कारण तिकडच्या मिशा तशा असतात म्हणे. ठकूबाईला कार्ड भारी पसंत पडलं. “माझा कायच कमी झाला नाय,” म्हणाली. त्या मिशांवर तिनं पुढं दोनतीनदा मतदान केलं, आणि शाळेतल्या मास्तरांनी दर वेळी कार्डाकडे बघून, मग तिच्याकडे बघून, निमूट शाई लावली.

अनिल मुंबईला एका ऑफिसात कामाला. दोन हजार सातच्या मे महिन्यात तो आला तो ऑफिसचा कॅमेरा घेऊन. साहेबांकडून चार दिवसांसाठी मागून आणलेला. ठकूबाई ओटीच्या कडेला सूप घेऊन तांदूळ निवडत बसली होती. अनिलनं कॅमेरा रोखला. ती वाट बघत राहिली, की हा ‘खट’ करील त्या वेळी मान फिरवायची. पण हा कॅमेरा चालतं-बोलतं चित्रही घेतो, हे तिला कुठं ठाऊक? खट काही होईना, आणि ती बोलत राहिली.

“काय रे, काय बघतोस? माझा थोबाड कुनाला दावनार हायस? त्या तुझ्या बापाचा काढ. बघ, तिसरा कप चाललाय.” मग मान वळवून, आवाज चढवून, “अवो, मला ठेवलाव का घोटभर?” आणि कुठून तरी, चित्राच्या बाहेरून, रामाचा आवाज, “ठेवलाय की.” त्यावर ती हसली. वरचा एक दात पडलेला होता, ती फट लपवायचंही तिचं राहून गेलं. चाळीस सेकंदांची कहाणी, एवढीच.

त्याच साली भाद्रपदात, भात पोटरीला आलं असताना, ठकूबाईच्या छातीत कळ आली. दुपारची वेळ. अनिल मुंबईला. वाडीतल्या चौघांनी झोळी बांधली आणि पावसात भिजत, घसरत तिला खाली रस्त्यावर आणली. पोलादपूरला न्यायला जीप हवी, आणि जीप येईपर्यंत काशीरामच्या टपरीत थांबणं आलं. झोळी बाकावर टेकवली. माणसं कुडकुडत होती. काशीरामनं न विचारताच सगळ्यांच्या हातात ग्लास दिले. अशा वेळी कुणीही दिले असते. एक रामाच्याही हातात आला, आणि हातात आला तसा तोंडाला लागला. त्यात विचार नव्हता. हाताला वाट पाठ होती.

झोळीतून आवाज आला, अगदी बारीक.

“अवो, मला ठेवलाव का घोटभर?”

भिकूला तशातही हसू फुटलं, आणि मग त्यानं तोंड फिरवलं. रामानं ग्लासात बघितलं. तळाशी घोटभर होता. खरंच होता. पण छातीच्या दुखण्याला काही देऊ नये असं कुणीतरी म्हणालं, आणि तोही म्हणाला, “आधी डाक्टरला दावू. मंग कपभर पी.” आणि तो उरलेला घोट त्यानं पिऊन टाकला.

कपभर प्यायची वेळ आली नाही. पोलादपूर दिसायला लागलं, आणि जीपमध्ये ठकूबाईची मान रामाच्या मांडीवर कलली.

आता घाटातल्या गावांमध्ये बातमीला चाकं लागत नाहीत. तेराव्याच्या आत खाली बाजारात बोललं जात होतं, की बायको झोळीत आणि नवरा टपरीत चहा पितोय. आठवड्यानं एकाचे तीन ग्लास झाले. दसरा येईतो त्याच्याबरोबर खारी बिस्किटंही आली. हे खोटं होतं, पण गावानं तोंडी लावायला काहीतरी घेतलं. रामाच्या कानावर सगळं गेलं. त्यानं एका शब्दानं खोडलं नाही. माणूस बिस्किटं नाकारायला गेला, तर ग्लास कबूल करावा लागतो.

त्या दिवसापासून रामानं चहा सोडला. देवापुढं शपथ नाही, चार माणसांत बोलणं नाही. सकाळी पेज प्यायची आणि गुरं सोडायची. डब्यातल्या पुडीला बुरशी आली, परसातला पातीचहा कमरेएवढा माजला. ‘किटलीला भोक पडलं’ म्हणून वाडीनं महिनाभर थट्टा करून पाहिली. मग तीही थांबली. बाजाराला उतरला, तर पायवाट संपली की आपल्याच अंगानं, मान खाली घालून पुढं जायचा. काशीराम समोरून बघायचा, पण हाक मारायचा नाही.

बाराव्याला फोटो हवा म्हणून घर उलथंपालथं केलं, तेव्हा हाती ते मिशाळ कार्ड लागलं. भटजींनी ते उलटसुलट करून बघितलं आणि मुकाट्यानं पाटावर नारळ मांडला. चाळीस सेकंदांची गोष्ट कुणाला आठवली नाही, अनिललासुद्धा. कॅमेरा त्यानं मे महिन्यातच रिकामा करून साहेबांना परत केला होता. आतलं सगळं ऑफिसातल्या एका लॅपटॉपवर ओतून ठेवलं होतं, तेवढंच. पुढं ऑफिसात नवे लॅपटॉप आले आणि तो जुना, एका कोपऱ्याला टवका उडालेला, अनिलच्या वाट्याला आला. एके दिवशी सहज उघडून बघतो, तर आई तांदूळ निवडतेय.

शिमग्याला तो लॅपटॉप घेऊन आला. होळीच्या दुसऱ्या दिवशी अख्खी वाडी ओटीवर जमली. रामा खांबाआड बसला होता. ठकूबाई बोलायला लागली तशा बायका तोंडाला पदर लावून पुढं सरकल्या. “मला ठेवलाव का घोटभर?” आलं, आणि सवयीनं सगळे हसले. त्यामागून रामाचाच आवाज आला, “ठेवलाय की.” मग कुणी हसलं नाही. रामा उठला आणि गोठ्यात गेला.

त्यानं ते पुरतं बघितलंच नव्हतं. आणि ते आपल्याला एकट्याला बघायचं आहे, हे अनिलला सांगायची त्याला लाज वाटत होती. बायकोला बघायचंय असं म्हातारा माणूस मुलाला कसं सांगणार?

वर्षश्राद्धाला, गणपती जाऊन आठवडा झाला होता, अनिल आणि त्याची बायको सेजल आदल्या संध्याकाळी पोचली. ठरलं असं होतं, की महाडला उतरून त्या चित्रातला आईचा चेहरा मोठा करून घ्यायचा आणि फ्रेम करून आणायची. पण गाडी उशिरा पोचली, फोटोवाल्याचं दुकान बंद. “जाताना काढू,” अनिल म्हणाला.

सेजल विक्रोळीची, तिथंच वाढलेली. ती म्हणाली, “मग टेन्शन काय घ्यायचं? स्क्रीनवर मम्मींचा फोटो ठेवू ना, तसाच पाटावर. हार पण बसेल.”

सकाळी लवकर रामानं माजघर शेणानं सारवून घेतलं. जमीन ओलीच होती. अनिलनं पाट मांडला, पाटावर लॅपटॉप उघडला आणि ठकूबाई हसते तिथं चित्र थांबवलं. सेजलनं वर तेरड्याच्या फुलांचा हार सोडला. नंदादीप बाजूला.

“बाबा, हे लांबडं बटण,” अनिल म्हणाला. “दाबलं की आय बोलते, परत दाबलं की थांबते. संपलं की आपोआप पहिल्यापासून लागतं. बाकी कशाला हात नका लावू.”

दारात उभा असलेला भिकू म्हणाला, “गप करायचा पन बटन हाय? रामा, तुला ह्ये छत्तीस वर्षं आधी मिळाया पायजे व्हतं.”

“ती माझा ऐकत नव्हती, बटनाचा काय ऐकनार,” रामा म्हणाला. वर्षभरात पहिल्यांदा तो असा काहीतरी बोलला, म्हणून भिकूला बरं वाटलं.

अनिल खाली रस्त्यावर भटजींना आणि नातेगावहून येणाऱ्या मावशीला आणायला गेला. सेजल भिकूच्या बायकोबरोबर ओहोळापलीकडे चवईची, रानकेळीची, पानं कापायला गेली, जेवायला. भिकू गुरांकडे. घरात रामा एकटा आणि पाटावर ठकूबाई.

त्यानं दार लोटून घेतलं.

मग चूल पेटवली. सेजलनं आणलेल्या पुडीतली पूड घेतली, गूळ फोडला, परसातून पातीचहाची दोन पानं तोडून चुरगाळली. छत्तीस वर्षं त्यानं आधण उकळताना फक्त वास घेतला होता. स्वतः चहा टाकायची ही पहिलीच वेळ. दोनदा उतू गेला. पाहुण्यांसाठी म्हणून ठेवलेला कानवाला कप काढला, बशी काढली, आणि काठोकाठ भरला. पहिला कप. टोपात दुसरा नव्हताच, एवढाच केला होता.

नैवेद्य फोटोसमोर ठेवायचा असतो, अगदी तोंडाशी. जमिनीवर ठेवावा तर सारवण ओलं, आणि शिवाय ते लांब पडत होतं. इथं तर तिच्या तोंडाखाली देवानं केल्यासारखी सपाट पायरी होती, अक्षरं काढलेली. रामानं कपबशी तिथं ठेवली. एका बाजूला, लांबडं बटण मोकळं सोडून. मग मांडी घालून बसला, अंगठा पुसला आणि बटण दाबलं. तिचं हसणं संपलं आणि चित्र पहिल्यापासून लागलं.

“काय रे, काय बघतोस? माझा थोबाड कुनाला दावनार हायस?”

तो बघत राहिला. सुपातले खडे ती न बघता काढत होती, बोटांना दिसत असल्यासारखे. कानामागं दाताला मशेरी लावायची पेन्सिलीएवढी काळी काडी खोवलेली होती. हे तो विसरला होता.

“त्या तुझ्या बापाचा काढ. बघ, तिसरा कप चाललाय.” तिनं मान वळवली. “अवो, मला ठेवलाव का घोटभर?”

पडद्यामागचा रामा ‘ठेवलाय की’ म्हणायच्या आत हा रामा म्हणाला, “ह्यो काय, ठेवलाय. आज पयला तुझा.” आणि आग्रह करताना पाहुण्याकडे कप सरकवतात, तशी त्यानं बशी पुढं सरकवली.

बशी पडद्याच्या बुडाला अडली. कप कलंडला.

मोठा आवाज झाला नाही. ठकूबाई हसली, तिच्या पडलेल्या दाताची फट दिसली, आणि ती हसताहसताच थांबली. रामानं कप सरळ केला, तर रिकामा. बशीत थेंबभर. जमिनीवर बघतो, तर नुसतं सारवण. पाटावर बघतो, तर कोरडा. अख्खा कपभर चहा होता आणि कुठंच सांडलेला दिसत नव्हता. अक्षरांच्या फटींतून तो आत गेला होता.

“घेतलान,” रामा स्वतःशी म्हणाला. “ठकीनं घेतलान.”

ते एवढे दोन-तीन क्षण. त्या क्षणांत रामाच्या छातीवरचा वर्षभराचा धोंडा उतरला होता. मग पडद्यावर आडव्या रेघा आल्या, तिचं तोंड रेघांत फाटलं, आणि सगळं काळं झालं. काळ्या काचेत हार आणि मागं तो स्वतः.

त्यानं लांबडं बटण दाबलं. पुन्हा दाबलं. मग लॅपटॉप उचलला, तर एका कोपऱ्यातून गुळाचा चहा ठिबकू लागला. पाटाशी मुंग्यांची ओळ तोवर लागलीच होती. गुळाचं चिकट घरात सांडलं, की हेदवाडीत माणूस एकच करतो. लगेच धुतो. वाळलं की निघत नाही, मुंग्या घर सोडत नाहीत. रामानं घंगाळात कोमट पाणी घेतलं आणि लहान पोराला आंघोळ घालावी तसा, हाताचा आधार देऊन, लॅपटॉप त्यात बुडवून धुतला. दोनदा. दुसऱ्यांदा पाणी स्वच्छ निघालं तेव्हा त्याला धीर आला. मग पंच्यानं पुसला आणि चुलीवर टांगलेल्या बांबूच्या तट्ट्यावर, जिथं पावसाळ्यात काकडीचं बियाणं आणि मिरच्या सुकतात, तिथं उघडून पालथा घातला. खाली लाकडं सारली. चांगली धग लागू दिली.

अनिल भटजींना घेऊन आला तेव्हा पाटावर नुसता हार होता.

“बाबा, लॅपटॉप कुठाय?”

“सुकत घातलाय.”

अनिलला आधी कळलंच नाही. मग चुलीकडे त्याची नजर गेली. तो पुढं झाला. तट्ट्यावरून लॅपटॉप काढून मांडीवर घेऊन बसला, आणि त्याच्या कडेनं वाफ निघत होती. सेजल पानांचा भारा घेऊन दारात आली ती तिथंच उभी राहिली. “अय्यो, डॅडी,” एवढंच म्हणाली, आणि मग जाऊन रामाच्या हातातला ओला पंचा काढून घेतला. भटजींनी इकडंतिकडं बघितलं आणि गेल्या वर्षीसारखा नारळ मांडला.

दुसऱ्या दिवशी तिघं महाडला गेली. रामाला नको म्हटलं तरी तो आला. बाजारपेठेत आमोद नावाचा एक तरुण कॉम्प्युटर दुरुस्त करायचा. जीव लावून काम करणारा, हुशार. त्यानं लॅपटॉप पालथा घालून स्क्रू काढले, आणि आतून दहाबारा मुंग्या बाहेर आल्या. त्यानं हसू दाबलं. मग एक पातळ, विड्याच्या डबीएवढी लोखंडी पेटी काढून दिव्यापुढं धरली, कानाशी नेऊन हलवली, कुठल्याशा मशीनला जोडून बघितली. बराच वेळ गेला. पुण्याच्या मित्राला फोनही लावून झाला.

“नाही होणार, अनिलदादा,” तो म्हणाला. “हिच्यातच सगळं असतं, आणि ही गेली.”

“चहानं?” रामानं विचारलं.

आमोदनं म्हाताऱ्याकडे बघितलं. एवढं तोंड उतरलेलं बघून त्याला कळवळा आला. “नाही आजोबा, चहाचा काहीच दोष नाही,” तो म्हणाला. “तुम्ही मनाला लावून घेऊ नका. हे बघा, चहा पडला तो इथं वरच राहिला, या बटणांच्या खाली. ही डबी आत, एका कोपऱ्यात असते. तिच्यापर्यंत एक थेंबसुद्धा पोचला नव्हता. नुसता चहा असता, तर मी तुम्हाला आजी जशीच्या तशी काढून दिली असती. हिला बारीक भोक असतं, बुडवल्यावर त्यातून पाणी गेलं. वर चुलीची धग.”

अनिल म्हणाला, “आमोद, राहू दे आता.” पण बोलून झालं होतं.

रामा त्या डबीकडे बघत होता. “म्हंजे चहा तिच्यापातूर पोचलाच नाय,” तो म्हणाला.

“एक थेंबही नाही,” आमोद समजूत काढत म्हणाला.

रामानं मान हलवली. “ती डबी मला द्या,” म्हणाला. आमोदनं ती पुसून, वर्तमानपत्रात गुंडाळून दिली.

अनिल आणि सेजल महाडहूनच मुंबईच्या गाडीत बसली. जाताना सेजल वाकून पाया पडली आणि म्हणाली, “डॅडी, मी पण मागे लागून कॉपी करून घ्यायला पाहिजे होती. मी त्याला दहा वेळा बोललेली.” अनिल खिडकीतून दुसरीकडेच बघत होता. त्यानं बापाला दोष दिला नाही. बापाला तो दिला असता तर बरं वाटलं असतं.

दुपार कलताना जीपनं रामाला वळणाच्या अलीकडे सोडलं. समोर पायवाट. तो थोडा वेळ तिथंच उभा राहिला. मग वर्षभरात पहिल्यांदा रस्ता ओलांडून काशीरामच्या टपरीत शिरला आणि बाकावर बसला. तोच बाक.

काशीराम भांडी घासत होता. त्यानं हात पुसले.

“एक दे,” रामा म्हणाला.

काशीरामनं नवी पूड टाकली. जुन्या पुडीला पाणी दाखवायची त्याची छाती झाली नाही. ग्लास आणून बाकावर ठेवला आणि आपल्या जागेवर जाऊन उगाचच फडकं पिळत बसला. रामा सावकाश प्यायला. अर्धा झाला, पाव राहिला, तळाशी घोटभर उरला. ग्लास पुन्हा तोंडाकडे निघाला. हाताला वाट पाठ होती. मध्येच तो हात थांबला, आणि रामानं ग्लास बाकावर ठेवला, आपल्यापासून हातभर लांब.

“ऱ्हायलाय घोटभर,” काशीराम म्हणाला.

“ऱ्हाऊ दे.”

“कडू झाला काय?”

“बरा झालाय.”

रामा उठला आणि पायवाटेला लागला.

तेव्हापासून तो बाजाराच्या दिवशी टपरीवर येऊ लागला. एक ग्लास घेतो, घोटभर ठेवतो आणि जातो. घरी पत्र्याच्या पेटीत त्यानं दोन वस्तू एकत्र ठेवल्या आहेत. एकीवर ठकूबाईचं नाव आहे आणि तोंड भलत्याचंच. दुसरीत तोंड तिचं आहे, पण ती उघडत नाही. भिकूनं एकदा थट्टेनं म्हटलं, “किटली आताशा गळते काय रे?” रामा म्हणाला, “गळू दे.”

आणि तो घोट? रामा पायवाटेच्या पहिल्या वळणापलीकडे दिसेनासा होईतो काशीराम ग्लासाला हात लावत नाही, एवढं खरं. गिऱ्हाईक आलं तर त्याला दुसऱ्या बाकावर बसवतो. पण पुढं काय होणार? घोट गार होतो, साय धरते, माशी बसते. मग काशीराम ग्लास उचलतो, रस्त्याच्या कडेला ओततो आणि विसळायला घेतो.